न्यूमार्केटला येणाऱ्या पोरांनो, आधी स्टॉलचं ऐका

माण-खटाव, विटा, कवठेमहांकाळकडची पोरं रेसच्या घोड्यांच्या कामाला इंग्लंडमधल्या न्यूमार्केटला येताना दोन गोष्टी हमखास आणतात. एक शेंगदाण्याची चटणी आणि दुसरी ‘घोड्यातलं हे आपल्याला काय शिकवणार’ ही घमेंड. चटणी जरूर आणा, जपून खावी लागते. घमेंड पुण्याच्या रेसकोर्सवरच ठेवून या.

राहण्याखाण्याचं थोडक्यात सांगतो. थंडीचे कपडे गावाकडून आणू नका, इथल्या पावसात ते कामाचे नाहीत. कुकर आणा. यार्डाची, म्हणजे रेसचे घोडे ठेवून तयार करतात त्या तबेल्याची, खोली मिळत असेल तर पहिलं वर्ष तिथंच काढा. एजंटाच्या हातात पैसे ठेवण्याआधी यार्डाशी स्वतः फोनवर बोला. बाकीचं कुणीही सांगेल.

मला बोलायचंय ते स्टॉलबद्दल, म्हणजे आपलं गेट, रेस सुटायच्या आधी प्रत्येक घोडा ज्या अरुंद कप्प्यात उभा करतात ते. पुण्या-मुंबईत तुम्ही सईस म्हणून, रायडिंग बॉय म्हणून वर्षं काढलेली असतात, मॉक रेसला, म्हणजे सरावाच्या रेसला, घोडे सोडलेले असतात. त्यामुळं इथं हेड लॅडनं, म्हणजे यार्डातल्या मुकादमानं, ‘स्टॉल जमतं का?’ विचारलं की सगळे मान डोलावतात. पण शिकलेला घोडा आत उभा करणं वेगळं आणि दोन वर्षांच्या कोऱ्या शिंगराला पहिल्यांदा आत नेणं वेगळं. दुसरं काम केलेलं नसेल तर सरळ ‘नाही’ म्हणा. इथं ‘येत नाही’ म्हणणाऱ्याची नोकरी जात नाही. येतं म्हणून घोडा बिघडवला तर मात्र तुमचं नाव सगळ्या यार्डांत फिरतं, गाव लहान आहे.

आपल्यातलेच काही जुने लोक चहा पिताना सांगतात, की घोड्याला असं पेटीत कोंडणं म्हणजे पाप. त्यांचं अर्धं खरं आहे. भ्यायला की पळणारं जनावर ते, त्याला चारी बाजूंनी बंद करायचं म्हणजे त्याच्या स्वभावाच्या उलट. पण स्टॉल नसतात तेव्हा काय होतं हे आपल्याकडच्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत शर्यत बघितलीय ना? झेंडा पडायच्या आधी कुणाचा छकडा सुटला यावरून अर्धा तास बाचाबाची. इथंही पूर्वी आडव्या ताणलेल्या फितीमागं घोडे उभे करायचे. लाथा, ढकलाढकली, एक तोंड फिरवून उभा तर दुसरा आधीच सुटलेला. 1965 साली याच न्यूमार्केटला इंग्लंडमध्ये पहिल्यांदा स्टॉल लागले आणि 1967 ला डर्बीही स्टॉलमधून सुटली. पाच फर्लांगची रेस, म्हणजे हजार मीटर, मिनिटभरात संपते. तिथं सुरुवातीला घोड्याची एक लांबी गेली की रेस गेली.

जंप रेसिंगला, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारायच्या रेसला, अजून फीतच आहे. अंतर दोन मैलांच्या पुढं, घोडे चालत येऊन सुटतात, म्हणून बहुतेक वेळा निभतं. 1993 च्या ग्रँड नॅशनलला निभलं नाही. फीत एका जॉकीच्या गळ्यात अडकली, सुरुवात चुकीची ठरली, आणि 39 पैकी 30 जणांना ते कळलंच नाही, ते सुटले. रेस रद्द. पहिल्या आलेल्या एशा नेसला काहीही मिळालं नाही. स्टॉलला नावं ठेवणाऱ्यांना मी हे एवढंच सांगतो.

आता आत काय असतं ते बघा. दोन्ही बाजूंना गादी लावलेली भिंत, घोड्याच्या पोटाला जेमतेम जागा. बाजूला हँडलरला उभं राहायला अरुंद पट्टी. पुढची दारं विजेच्या चुंबकानं धरलेली असतात. स्टार्टरनं बटण दाबलं की करंट तुटतो आणि सगळी दारं एकदम उघडतात. क्ले प्युएट नावाच्या अमेरिकन माणसानं 1939 मध्ये असं विजेचं गेट चालवून दाखवलं. घोड्यानं छातीनं जोरात रेटलं तर दार उघडतं, ते बरंच आहे, नाहीतर तो खालून निघायला बघेल. धोका असतो तो दारं मिटल्यापासून सुटेपर्यंतच्या वेळात. घोडा उभा झाला की मागं पडायला जागा नाही, आणि बसलेल्याचा गुडघा गादी आणि खोगीर यांच्यात सापडतो. तेव्हा आत असताना पाय सैल सोडू नका, रिकिबीत नीट ठेवा, मुठीत आयाळ किंवा गळपट्टा धरा, लगामाला लटकू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शिंगराला मागून मारून आत घालायचं नाही. चाबूक नाही, झाडू नाही, शिट्ट्या नाहीत. ओळ लांबली, हेड लॅड घड्याळ बघतोय, म्हणून घाई करायची नाही. आपल्याकडच्या एका पोरानं, चांगल्या हाताचा पोरगा, एका फिलीनं, म्हणजे तरण्या घोडीनं, आत जायला दोनदा नकार दिल्यावर तिला मागून झाडूचा दांडा दाखवला. ती आत गेली, गेली ती सरळ दोन पायांवर. पोराचा हात गजाला लागून कोपराखाली मोडला. हात दीड महिन्यात जुळला. फिली मात्र रेसकोर्सवर स्टॉल दिसला की चार पाय रोवून उभी राहायची. एंट्रीची फी गेली, मालकानं घोडी विकली आणि बोलणी खाल्ली ती आख्ख्या यार्डानं. दांडा दाखवायला दोन सेकंद लागले होते.

करायचं काय? पुढची-मागची दोन्ही दारं सताड उघडी ठेवून शिंगराला नुसतं आरपार चालवायचं. मोठा, शांत घोडा पुढं असला तर उत्तम. मग मध्ये थांबवायचं, मान थोपटायची, न्यायचं पुढं. कंटाळा येईपर्यंत हेच. मग पुढचं दार मिटून उभं करायचं, नंतर मागचं. दार उघडायचं ते हातानं, हळू, आणि बाहेर पडायचं ते चालत. उड्या मारत सुटायला सगळ्यात शेवटी शिकवायचं. ज्याला पहिल्याच दिवशी सुसाट सोडलं, तो पुढं आत स्वस्थ उभाच राहत नाही. जांभई देणारं शिंगरू स्टॉलमध्ये दिसलं की समजा, काम झालं.

रेसकोर्सवर घोडे आत घालायला हँडलरांची वेगळी टोळी असते, हेल्मेट आणि बॉडी प्रोटेक्टर घालून. त्यांच्या मध्ये कडमडू नका, पण तुमच्या घोड्याची खोड त्यांना आधी सांगा. बिचकणाऱ्याला डोळ्यांवर टोपडं घालतात, ते दार उघडायच्या वेळी निघालंच पाहिजे. कुशीला काही टेकलं की लाथ मारणाऱ्यासाठी जाड झूल असते. घोडा सुटला की ती मागं स्टॉललाच अडकून राहते. माँटी रॉबर्ट्स या घोडे शिकवणाऱ्या अमेरिकन माणसाच्या नावानं तिला माँटी रॉबर्ट्सची झूल म्हणतात. एवढं करूनही घोडा नडला आणि ताकीद मिळाली, तर स्टॉल टेस्ट पास झाल्याशिवाय पुढची रेस नाही. त्या दिवशी त्याच्याबरोबर यार्डातला त्याच्या सवयीचा माणूस असावा, नवा नको.

जंप यार्डात लागलात तर यातलं निम्मं लागणार नाही. ऑस्ट्रेलियात याच वस्तूला बॅरिअर म्हणतात, गोंधळू नका.

पैजेबद्दल एकच वाक्य: स्वतःच्या यार्डाचा घोडा हरेल म्हणून पैसे लावणं नियमाबाहेर आहे, कितीही खात्री असली तरी.

आणि मार लागला तर लपवू नका. आपली पोरं हळद लावून दुसऱ्या दिवशी उभी राहतात, त्यांना वाटतं गोरा हाकलून देईल. गोऱ्याचं उलट आहे. त्याला कागद लागतो. ‘आय ॲम फाइन’ म्हणालात की तो खरंच मान्य करून पुढं जातो, पुन्हा विचारणार नाही. म्हणून त्याच दिवशी ॲक्सिडेंट बुकात लिहून घ्या: वेळ, घोड्याचं नाव, कोण हजर होतं. नॅशनल असोसिएशन ऑफ रेसिंग स्टाफ ही आपली युनियन, तिचे सभासद व्हा. अडीअडचणीला रेसिंग वेल्फेअर ही रेसिंगमधल्या कामगारांची मदतसंस्था आहे, तिथं जायला लाजू नका. सुजलेल्या हाताचा फोटो काढून ठेवा, फक्त तो घरच्या ग्रुपवर टाकू नका. आई तिकडं दोन दिवस जेवत नाही आणि तुम्हाला इकडं यार्डातून रजा काढून फोनवर बसावं लागतं.