जुना एसी बदलताय? या चुका टाळा

एसी घेताना आपण आठवडाभर भाव काढतो, चार दुकानं पालथी घालतो, आणि फिटिंगवाला आला की त्याला खोली दाखवून चहा टाकायला आत निघून जातो. नव्या एसीच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ मशीनमध्ये नसतं, त्या तास-दोन तासांच्या फिटिंगमध्ये असतं.

पण आधी जुना खरंच बाद झालाय का, ते बघा. आउटडोअरचा पंखा फिरतोय, कॉम्प्रेसर नुसता हूं करून थांबतोय, तर अनेकदा कपॅसिटर (कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा छोटा भाग) गेलेला असतो. किरकोळ खर्चाचं काम आहे. याउलट दर उन्हाळ्यात ‘गॅस टॉप-अप’ करावा लागत असेल, तर गॅस कुठून तरी गळतोय. गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. गळती न शोधता दरवर्षी भरत राहणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. दहा-बारा वर्षं जुना, आर-२२ या जुन्या गॅसवर चालणारा एसी असेल आणि कॉइलच कुजली असेल, तर तिच्यावर आणखी खर्च करू नका. समुद्राकाठच्या घरांत खाऱ्या हवेमुळे ही वेळ लवकर येते, म्हणून तिथे नवा घेताना कॉइलवर गंजरोधक लेप आहे का ते विचाराच.

‘जुना दीड टनाचा होता, नवाही दीडच द्या’ ही दुसरी चूक. मधल्या काळात खिडकीला काच लागली असेल, बाल्कनी खोलीत घेतली असेल, वरचा मजला झाला असेल. टन हे थंडाव्याच्या क्षमतेचं माप. १ टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट, त्या हिशेबाने दीड टन म्हणजे सव्वापाच. लेबलवरचा आकडा वाचलात तर ‘दीड टन’ नावाखाली ४.८ किलोवॅटची मशीनंही दिसतील. शिवाय हा आकडा बाहेर ३५ अंश असतानाचा. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा क्षमता घटते, त्यामुळे तिकडे ४८ अंशांना मशीन किती थंडावा देतं ते माहितीपत्रकात शोधा. मुंबई-रत्नागिरीत उलटी गंमत. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन गार करून बंद पडतो, हवेतला दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग २२ वर लावूनही अंग चिकट.

तारे मोजताना वर्ष बघा. तारे देणाऱ्या बीईई या सरकारी संस्थेचे निकष ठरावीक काळाने कडक होतात. २०१८ च्या निकषात आयएसईईआर (विजेच्या मानाने एसी किती थंडावा देतो तो आकडा) ४.५ ला पाच तारे मिळायचे, जुलै २०२२ च्या निकषात त्याच आकड्याला चार. गोदामात पडलेला जुना माल ‘फाइव्ह स्टार’ म्हणून स्वस्तात मिळतो, तो असाही असू शकतो. लेबलवरचे वार्षिक युनिट १६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. तुमच्याकडे एसी रोज रात्रभर चालत असेल तर बिल त्यापेक्षा जास्त येणारच.

आता मुख्य मुद्दा, कॉपर पाइप. जुनीच पाइप वापरू, पैसे वाचतील, हा सल्ला हमखास मिळतो. हल्लीचे बहुतेक एसी आर-३२ या गॅसवर चालतात. त्याचा दाब आर-२२ च्या साधारण दीडपटीहून जास्त, आणि कॉम्प्रेसरचं तेलही वेगळं. जुन्या पाइपमध्ये राहिलेलं तेल नव्यात मिसळू देऊ नये. पाइप उघडी असेल तर सरळ नवी टाका. भिंतीत गाडलेली असेल आणि भिंत फोडायची नसेल, तर तिची जाडी आणि व्यास नव्या मशीनला चालतो का ते तपासा, नायट्रोजनने साफ करून घ्या, दाब धरतेय का ते बघा आणि टोकांचे फ्लेअर (नटात बसणारी पसरट तोंडं) नव्याने काढून घ्या.

मग व्हॅक्यूम, म्हणजे पाइपमधली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढणं. इथे चहा बाजूला ठेवून शेजारी उभे राहा. पुष्कळ फिटिंगवाले पंप आणतच नाहीत, आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून पाइपमधली हवा ढकलतात आणि ‘साहेब, काही होत नाही’ म्हणतात. होतं ते लगेच दिसत नाही. आत राहिलेला ओलावा तेलात मिसळून आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसर हळूहळू खराब होतो. पंप निदान १५-२० मिनिटं चालला पाहिजे. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्याखाली उणे ३० इंचांपर्यंत उतरतो. मग व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं थांबायचं. काटा वर सरकला तर कुठला तरी नट नीट बसलेला नाही, किंवा पाइप फुटकी आहे. हलला नाही, तरच अ‍ॅलन की (षटकोनी चावी) लावून गॅस सोडू द्या, आणि शेवटी नटांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघा.

आउटडोअरला मोकळी हवा हवी. टॉवरच्या अरुंद डक्टमध्ये एकावर एक आउटडोअर टांगली की खालच्याची गरम हवा वरचा ओढतो. गंजका स्टँड परत वापरू नका. वायरिंगचं थोडक्यात: स्वतंत्र लाइन, १६ अँपिअरचा प्लग, ४ चौरस मिलिमीटरची वायर, अर्थिंग तपासलेलं.

लावल्यावर पहिल्या दिवशीच हे बघा. इनडोअरमधून पाणी टपकत असेल तर बहुधा ड्रेन पाइपला उतार नाही किंवा ती मध्ये वाकलीय. बारीक पाइपवर बर्फ धरतोय आणि जाड कोरडीच आहे, तर गॅस कमी. पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर आत ओढली जाणारी आणि बाहेर येणारी हवा यांत दहा-बारा अंशांचा फरक पडला पाहिजे. फिटिंगवाला निघायच्या आत थर्मामीटर धरा.

आणि जुन्या एसीची पाइप भंगारवाल्याला करवतीने कापू देऊ नका. सगळा आर-२२ ओझोनच्या वाटेला जातो. मशीन चालत असेल तर काढण्यापूर्वी ‘पंप डाउन’ करायला सांगा, म्हणजे गॅस आउटडोअरमध्ये जमा होतो. हे काम जेमतेम पाच-दहा मिनिटांचं. नंतर एक्सचेंजमध्ये द्या किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात. एक्सचेंजचा भाव आधीच लेखी घ्या, कारण उचलायला आलेला माणूस ‘कॉइल खराब आहे’ म्हणून दारातच पैसे कापतो.