ट्रान्सपोर्टरचं जीएसटी ऑडिट : नोटीस ते अपील

ट्रान्सपोर्टरच्या हिशेबाला नव्याने बसणाऱ्यांनी आधी हे समजून घ्यावं : ऑडिटचा अहवाल, म्हणजे एडीटी-०२, हा वसुलीचा आदेश नव्हे. त्यानंतर डीआरसी-०१ नोटीस येते, डीआरसी-०६ मध्ये आपलं उत्तर जातं आणि मग डीआरसी-०७ आदेश निघतो. मधल्या काळात "डीआरसी-०३ ने (म्हणजे आपणहून कर भरायच्या फॉर्मने) भरून मोकळे व्हा" असा आग्रह झाला, तर जेवढं खरंच चुकलंय तेवढंच भरा.

आक्षेप बहुधा ठरलेला. २६एएसमध्ये (आयकराच्या टीडीएस उताऱ्यात) १९४सी या टीडीएसच्या कलमाखाली भाडं जास्त दिसतं, ३बी या जीएसटी विवरणपत्रात उलाढाल कमी. सबब फरकावर कर. पण फॉरवर्ड चार्ज, म्हणजे ट्रान्सपोर्टरने स्वतः कर भरायचा पर्याय, निवडलेला नसेल, तर कंपनी, भागीदारी संस्था किंवा जीएसटी नोंदणी असलेल्या पार्टीच्या भाड्यावरचा ५ टक्के कर रिव्हर्स चार्जने पार्टीनेच भरायचा असतो. दूध, मीठ, धान्य, शेतमाल यांच्या वाहतुकीला सूट आहे. दुसऱ्या जीटीएला (बिल्टी देणाऱ्या माल वाहतूक एजन्सीला) गाडी भाड्याने दिली तरी सूट मिळते. मात्र तिथे स्वतःची बिल्टी फाडली असेल तर हा मुद्दा टिकवणं अवघड. मार्चचं भाडं आणि त्यावरचा एप्रिलमधला टीडीएस वेगळ्या वर्षांत पडतात, त्याचाही घोळ असतोच.

उत्तराचा सगळा जीव एलआरनिहाय (बिल्टीनिहाय) तक्त्यात. एलआर नंबर, तारीख, गाडी, भाडं, भाडं देणाऱ्याचा जीएसटीआयएन (जीएसटी नंबर) आणि 'पेड' (भाडं पाठवणाऱ्याने दिलेलं) की 'टू-पे' (माल पोचल्यावर द्यायचं). हा शेवटचा रकाना गाळू नका. पुण्याहून नागपूरला टू-पे माल गेला, तर भाडं माल घेणारा देतो, म्हणून रिव्हर्स चार्जही त्याच्याच माथी. तक्त्यात माल पाठवणाऱ्याचं नाव टाकलंत तर हिशेबच फिरतो. सोबत मोठ्या पार्ट्यांचे खातेउतारे आणि त्यांनी कर भरल्याची पत्रं जोडा. डीआरसी-०६ मध्ये सुनावणीपुढे 'हो' म्हणा.

नोटिशीतलं कलमही बघा. २०२३-२४ पर्यंतच्या वर्षांना ७३ किंवा ७४ लागतं, पुढे ७४ए. ७४ हे लपवाछपवीच्या आरोपाचं कलम, त्यात दंड कराइतका असतो, त्यामुळे तो आरोप स्वतंत्रपणे खोडा. गप्प राहणं महागात पडतं.

आदेश पोर्टलवरच्या 'अ‍ॅडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स' टॅबमध्ये पडून राहतो आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. तो टॅब दर आठवड्याला उघडा. अपिलाला ३ महिने; सबळ कारण दाखवलं तर आणखी १ महिना, त्यापुढे अपील अधिकाऱ्याच्याही हातात काही नसतं. एपीएल-०१ हा अपिलाचा फॉर्म भरताना मान्य रक्कम पूर्ण आणि वादातल्या कराच्या १० टक्के भरले की उरलेली वसुली कायद्यानेच थांबते. नाही भरले तर बँकेला डीआरसी-१३ (खात्यातून वसुलीची नोटीस) जाऊ शकतं, आणि खातं अडकलं की डिझेलचे वांधे. अपिलाची पोच वसुली अधिकाऱ्याला पत्रासोबत हातोहात द्या, शिक्का घ्या. पोर्टलवर अपील दिसतंय म्हणजे वसुली शाखेने ते पाहिलंय असं धरून चालू नका.