गोव्यात गटासाठी खासगी बोट आणि स्नॉर्कलिंगचा दिवस कसा ठरवावा

दरवर्षी डिसेंबर उजाडला की डिचोलीच्या आमच्या घरी फोन सुरू होतात. कोल्हापूरची आत्या, सांगलीचा मामेभाऊ, पुण्यात शिकणारी भाचरं. "तू गोव्यातच राहतोस, एक बोट बघ ना!" गोव्यातल्या माणसाला बोटीतलं सगळं कळतं अशी घाटावरच्या नातेवाइकांची ठाम समजूत असते. आमच्या गावापासून समुद्र चांगला तासाभरावर आहे, हे कुणी ऐकूनच घेत नाही.

पहिल्या वर्षी मीही तसाच फसलो. किनाऱ्यावर पत्रकं वाटणाऱ्या एकाकडे फोनवर स्नॉर्कलिंगसाठी, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचे मासे बघायला, 'प्रायव्हेट बोट' ठरवली. सकाळी पोचलो तर बोटीत अठरा अनोळखी माणसं आधीच बसलेली. विचारलं तर म्हणाला, "प्रायव्हेटच आहे की. सरकारी थोडीच आहे?" त्या दिवशी आत्या पाण्यात उतरायला जरा घाबरली, पण तिच्यासाठी थांबायला कुणाला वेळ नव्हता. वीस मिनिटं झाली, शिट्टी वाजली, बोट परत फिरली.

खासगी बोट घेतो तेव्हा आपण ऐट नाही, घड्याळ विकत घेतो. कधी निघायचं, कुठे नांगर टाकायचा, घाबरलेल्या माणसाला किती वेळ द्यायचा, हे आपल्या हातात राहतं. ते राहणार नसेल तर जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. सहा-सात धडधाकट मंडळी असतील तर सरळ सगळ्यांबरोबरच्या बोटीने जावं. दहाच्या पुढे माणसं गेली, त्यात लहान मुलं आणि ज्येष्ठ असले, की खासगी बोट परवडते.

आधी माणसं मोजा

आकडा नव्हे, माणसं. एका कागदावर प्रत्येकाचं नाव, वय, पोहता येतं की नाही, चष्मा आहे का, दमा, हृदयविकार, फिट्स, गर्भारपण यांपैकी काही आहे का, बोट लागते का (उलट्या होतात का) आणि त्या दिवशी शिवराक, म्हणजे शाकाहारी, आहे का, एवढं लिहा. चष्म्याचा मुद्दा हमखास विसरतात. मास्कच्या आत चष्मा बसत नाही, त्यामुळे मोठा नंबर असलेल्याला मासे म्हणजे हलणारे रंग दिसतात. नंबरचा मास्क मिळेल का हे आधी विचारता येतं.

पोहता न येणाऱ्यांना वगळायची गरज नाही. गोव्यातलं बहुतेक स्नॉर्कलिंग लाइफ जॅकेट घालून, तोंड पाण्यात घालून तरंगण्याचंच असतं. पण अशी माणसं किती आहेत हे बोटवाल्याला आधी कळायला हवं, कारण त्यावर पाण्यात सोबत उतरणारी त्याची माणसं किती लागतील ते ठरतं. चौदा जणांत नऊ जण न पोहणारे आणि सोबत उतरणारा एकच माणूस, असं झालं तर मी त्या बोटीत बसणार नाही.

तारीख पंचांग बघून

जूनपासून पावसाळा संपेपर्यंत हा विषयच बंद. ऑक्टोबरमध्ये बोटी सुरू होतात, पण मांडवी आणि जुवारी या नद्यांनी आणलेला गाळ अजून बसलेला नसतो. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. तरीही पाहुण्यांना एक गोष्ट आधीच सांगून टाका: हे लक्षद्वीप नव्हे. चांगल्या दिवशी पाण्यात चार-पाच मीटरपर्यंत दिसतं, वाईट दिवशी स्वतःचे पाय धूसर दिसतात. जाहिरातीतला निळाशार फोटो बहुधा दुसऱ्याच समुद्राचा असतो.

आता तिथी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, ओढ वाढते आणि तळाची माती ढवळते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाण्याची हालचाल मंद. म्हणजे अष्टमीला जावं? तिथे एक अडचण आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ येते, हा किनारपट्टीवरचा जुना हिशेब. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. आपण पाण्यात असणार नऊ ते अकरा, म्हणजे नेमके ओहोटीच्या वेळी, नदीचं गढूळ पाणी बाहेर येत असताना. भरतीच्या वेळी बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं, ते आपल्याला हवं. म्हणून मी दशमी ते द्वादशी यांतला दिवस धरतो. उधाण अजून लांब असतं आणि भरती सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते, म्हणजे आपण उतरतो तेव्हा ते स्वच्छ पाणी नुकतंच आत आलेलं असतं. पक्ष कुठलाही चालेल. हा अंदाज झाला. नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरतीच्या तक्त्यात बघून घ्यावी. एकादशी मात्र टाळा. आत्याचा उपास, आणि बोटीवर कोंबडी भाजलेली.

वार शक्यतो रविवार नको. नाताळ ते नववर्ष हा आठवडा तर नकोच नको. दर वाढतात आणि ग्रँड आयलंड या बेटाच्या आडोशाला बोटींची जत्रा भरते.

कुठून निघायचं

गोव्यात स्नॉर्कलिंगसाठी बहुतेक बोटी एकाच ठिकाणी जातात, मुरगावच्या टोकासमोरचं ग्रँड आयलंड. त्याच्या आडोशाला खडकांवर थोडं प्रवाळ आहे आणि त्याभोवती मासे. बाजारात ओळखीचे असलेले गोबरे आणि तांबोशी इथे जिवंत भेटतात, तेव्हा काही मंडळींच्या चेहऱ्यावर भलतेच भाव येतात.

या बेटाकडे दोन बाजूंनी जाता येतं. वास्कोजवळच्या बायण्याहून किंवा बोगमाळोहून बेट जवळ पडतं. नेरूलचा कोको बीच, शिकेरी किंवा पणजीसमोरचं मालिम इथून निघालात तर आग्वादचा किल्ला, काबोचं टोक, नांगरलेली जहाजं असं सगळं बघत, दोन्ही नद्यांची मुखं ओलांडत तासाभराहून अधिक प्रवास होतो. बोट लागणारी माणसं असतील तर दक्षिणेची, वास्कोकडची बाजू घ्या. जुवारीचा नवा पूल झाल्यापासून वास्कोला जाणं पूर्वीइतकं कटकटीचं राहिलेलं नाही.

चढायची जागा नीट विचारा. वाळूच्या किनाऱ्यावरून बोटीत चढायचं म्हणजे गुडघाभर, कधी कमरेएवढ्या पाण्यातून जावं लागतं. गुडघेदुखी असलेल्या मंडळींसाठी धक्का असलेली जागाच बरी.

बोटवाल्याशी बोलणं

किमान तिघांकडे चौकशी करा आणि तिघांनाही तोच मजकूर पाठवा, म्हणजे तुलना करता येते. माझा मजकूर साधारण असा असतो:

"नमस्कार. आम्ही 14 जण, त्यांत 2 मुलं (वय 8 आणि 11) आणि 3 ज्येष्ठ. पोहता येणारे 5. बोट फक्त आमच्यासाठी हवी, दुसरं कुणी नको. सकाळी 7 ला निघून 1 पर्यंत परत. पूर्ण बोटीचा दर सांगा, माणशी नको. त्यात काय काय धरलं आहे? बोटीची प्रवासी क्षमता किती? मुलांच्या मापाची जॅकेटं आहेत का? पाण्यात सोबत किती जण उतरतील? चढायला शिडी, छत आणि शौचालय आहे का? हवामान बिघडलं तर पैसे परत की दुसरी तारीख?"

उत्तरापेक्षा उत्तर द्यायची पद्धत बघा. ज्याने एकेका प्रश्नाला उत्तर दिलं, त्याच्याशी पुढे बोला. "सगळं आहे, टेन्शन नको, ॲडव्हान्स पाठवा" असं आलं की मी तिथेच थांबतो. शौचालयाबद्दल 'नाही' असं सरळ उत्तर आलं तर राग मानू नका. लहान बोटींवर ते नसतंच, पण आधी कळलेलं बरं, विशेषतः बायकांना.

बऱ्याच ठिकाणी आपण बोलतो तो माणूस बोटीचा मालक नसतोच. तो दलाल असतो, आणि आदल्या रात्री ज्याची बोट मोकळी असेल त्याच्याकडे आपल्याला सोपवतो. म्हणून बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक आणि तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्याचा, फोन ॲडव्हान्स देण्याआधी मागा. शक्य असेल तर आठवड्याभरापूर्वी प्रत्यक्ष जाऊन बोट बघून या. तांडेलाशी पाच मिनिटं कोकणीत बोललं की दलालाच्या अर्ध्या तासात कळत नाही ते कळतं. "फलाण्या दिवशी पाणी कसं असेल, बाब?" एवढंच विचारा. मनापासून दर्यावर जाणारा माणूस वाऱ्याबद्दल बोलायला लागतो. दुसरा पॅकेजबद्दल बोलतो.

'स्नॉर्कलिंग प्लस स्कूबा' अशी जोडपॅकेजं गळ्यात मारली जातात. स्कूबाला पाठीवर हवेची टाकी लावून एकेकाला खाली नेतात, त्यामुळे बाकीचे उन्हात ताटकळतात. दोन्ही एका दिवसात कोंबू नका. गटातल्या कुणी स्कूबा केलंच, तर त्यानंतर किमान 18 तास विमानात बसू नये. संध्याकाळी मोपा विमानतळाहून फ्लाइट असेल तर स्कूबा नाही, इतकं सरळ. पृष्ठभागावरच्या स्नॉर्कलिंगला हा नियम लागत नाही.

ॲडव्हान्स एक चतुर्थांशापेक्षा जास्त देऊ नका. ठरलेलं सगळं एका संदेशात लिहून समोरून "होय" मिळवा.

जॅकेट आणि परवाना

इथे मी भिडस्तपणा करत नाही. गोव्यात प्रवासी बोटींची नोंद कॅप्टन ऑफ पोर्ट्स या खात्याकडे होते आणि किती माणसं न्यायची ते ठरवून दिलेलं असतं. क्षमतेत खलाशी धरले आहेत की नाहीत, तेही विचारा. 25 डिसेंबर 2024 ला कळंगुटजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि एकाचा जीव गेला. त्यानंतर आमच्या घरात जॅकेटवरून वाद होत नाहीत. धक्क्यावरच घालायचं, सगळे पट्टे आवळायचे, परत धक्क्याला लागेपर्यंत काढायचं नाही. खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढून बघा. जॅकेट कानापर्यंत आलं तर माप मोठं आहे. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घालून "चालतंय की" म्हणणाऱ्याची बोट सोडून द्या, ॲडव्हान्स गेला तरी चालेल.

तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक दोघा-तिघांच्या फोनमध्ये साठवून ठेवा.

आदला दिवस आणि सकाळ

आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या 'इन्कॉईस' या संस्थेचा लाटांचा इशारा बघा. मग तांडेलाला फोन. तो नको म्हणाला तर नको. पाहुण्यांची सुट्टी संपत आली आहे, हे समुद्राला माहीत नसतं.

सकाळी सातलाच निघायचा आग्रह कशासाठी? शाळेच्या भूगोलातले मतलई वारे आणि खारे वारे आठवा. सकाळी जमिनीवरून मंद वारा असतो, पाणी शांत. दुपार झाली की समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटा उठतात. आठला बोलावून दहाला सोडणारे असतात, म्हणून सातची वेळ लेखी घ्या. आपलीही मंडळी वेळेवर हवीत. मी नेहमी साडेसहा सांगतो.

न्याहारी हलकी. केळं, पाव, थोडे पोहे. पुरीभाजी खाऊन बोटीत बसलेल्या मामेभावाची हकिगत इथे सांगत नाही. बोट लागण्याची गोळी निघायच्या आधी घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर नाही. तिने झोप येते, म्हणून डॉक्टरांना विचारून. अंगात पूर्ण बाह्यांचा जुना टी-शर्ट घाला. पाठ भाजायची राहते.

'अनलिमिटेड बिअर' असेल तर ती पाण्यातून सगळे वर आल्यावरच उघडायची, असं तांडेलासमोर सांगून ठेवा.

पाण्यात

वाटेत डॉल्फिन दिसतील, किंवा नाही दिसणार. दिसले तर इंजिन मंद ठेवायला सांगा. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि पाठलाग केला की ते बुडी मारून दूर जातात, म्हणजे पैसेही वाया.

मास्क बोटीतच तपासा. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने श्वास ओढायचा. मास्क चिकटून राहिला तर बसला. मिशीवाल्यांना पाणी झिरपतं, ओठावर थोडं व्हॅसलिन लावलं की बरंच थांबतं. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळतात. आत्याने नाक मुरडलं, पण चोळली.

नळीतून तोंडाने श्वास घ्यायचा सराव उतरण्याआधी बोटीत बसून दोन मिनिटं करून घ्या. आता घड्याळ आपलं आहे, ते इथे खर्च करायचं. दोन तुकड्या करा, निम्मे पाण्यात, निम्मे बोटीत. प्रत्येकाचा एक जोडीदार. उतरताना आणि चढताना मोठ्याने शिरगणती. घाबरलेल्या माणसाला आधी शिडी धरून नुसतं तोंड पाण्यात घालू दे. खडकावर, प्रवाळावर उभं राहायचं नाही. प्रवाळालाही त्याच वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, शिवाय पाय फाटतात. जेलीफिश चावला तर चोळू नका, गोडं पाणी घालू नका, समुद्राच्या पाण्याने धुऊन तांडेलाला दाखवा. चाळीस मिनिटं पुरतात, मुलांना त्याहून कमी. ओठ निळे दिसायला लागले की वर काढायचं, मूल कितीही रडो.

परत धक्क्याला लागलं की एक शेवटची शिरगणती, मग बोटीतला आपला कचरा पिशवीत भरून बरोबर. उरलेले पैसे तेव्हाच द्या, आणि पाण्यात सोबत उतरलेल्या पोरांच्या हातात वेगळे काही ठेवा. दलालाकडून त्यांच्यापर्यंत फारसं पोचत नाही. तांडेलाचा नंबर मात्र नावासकट साठवून ठेवा. पुढच्या डिसेंबरात फोन थेट त्यालाच.