चेतापेशीतली वीज समजून घेताना या चुका टाळा

चेतापेशीतून धावणारा विजेचा क्षणिक संदेश म्हणजे आवेग. ‘आवेग कशामुळे निर्माण होतो?’ असं विचारलं की वर्गातून हमखास उत्तर येतं: सोडियम-पोटॅशियम पंपामुळे. ही चूक सर्वांत आधी दुरुस्त करा, कारण ती राहिली की पुढचं काहीच नीट जुळत नाही.

हा पंप म्हणजे पेशीच्या पटलातलं (आवरणातलं) एक प्रथिन. तो दर फेरीला ३ सोडियम आयन (विद्युतभारित अणू) बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आयन आत घेतो. यातून थेट मिळणारा विभव, म्हणजे पटलाच्या आतबाहेरचा विद्युतदाबाचा फरक, जेमतेम काही मिलिव्होल्ट असतो. विश्रांतीतले सुमारे −७० मिलिव्होल्ट येतात ते मुख्यतः पोटॅशियमच्या झिरपण्यातून. पेशीत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा तीसेक पट जास्त असतं. पटलातल्या उघड्या वाहिन्यांतून, म्हणजे आयनांना वाट देणाऱ्या छिद्रांतून, ते बाहेर जातं, आतली बाजू ऋण होते आणि तोच ऋणभार उरलेल्या पोटॅशियमला मागे ओढतो. फक्त पोटॅशियमच ये-जा करू शकलं असतं, तर विभव −९० च्या आसपास स्थिरावला असता. थोडं सोडियम आत शिरतं, म्हणून तो −७० वर राहतो.

मग पंप बंद पाडला तर? माकूळाच्या जाड अक्षतंतूतला (चेतापेशीच्या लांब तंतूतला) पंप विष घालून थांबवला, तरी त्यातून हजारो आवेग जाऊ शकतात. एका आवेगात तिथल्या दहा लाख पोटॅशियम आयनांपैकी एखादाच बाहेर पडतो! म्हणून ‘आवेगानंतर आतबाहेरची आयनं अदलाबदल होतात’ हे वाक्यही खोडा. पंप फरक टिकवतो. आवेग घडवतात त्या वाहिन्या. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याच अक्षतंतूचा विभव हवा तिथे रोखून धरला आणि सोडियम व पोटॅशियमचे प्रवाह वेगळे मोजले. इतकं देखणं काम जीवशास्त्रात फार थोडं आहे.

आवेगाचा आलेख, म्हणजे विभव कसा बदलतो ते दाखवणारी रेघ, वाचतानाही घोटाळा होतो. आडव्या अक्षावर वेळ असते, अक्षतंतूची लांबी नव्हे. ते शिखर म्हणजे एकाच जागी मिलिसेकंदभरात घडलेली गोष्ट.

जोरात टोचलं म्हणून आवेग मोठा होत नाही. उंबरठा, साधारण −५५ मिलिव्होल्ट, ओलांडला की आवेग पूर्ण उंचीचा येतो, नाहीतर येतच नाही. तीव्रता कळते ती दर सेकंदाला किती आवेग येतात आणि किती पेशी जाग्या होतात यावरून.

आता स्वतःला तपासा. पेशीबाहेर पोटॅशियम वाढवलं तर विभव कुठे सरकेल? ‘आणखी ऋण’ असं वाटलं असेल, तर वरचा झिरपण्याचा भाग पुन्हा वाचा. आतबाहेरचा फरक घटला, म्हणजे झिरपणं घटलं, म्हणून विभव शून्याकडे सरकतो. पेशी उंबरठ्याजवळ येते, सुरुवातीला सहज पेटते. पण विभव तसाच वर अडकला, तर सोडियम वाहिन्या निष्क्रिय होऊन बसतात आणि मग कितीही उद्दीपन द्या, आवेग येत नाही.