पिल्लं हगायला लागली की ‘काय देऊ’ नंतर विचारा, आधी सॅम्पल घ्या

श्रावण संपला, गणपती बसले, आणि आपल्या इंदूर-महू-देवास पट्ट्यात जो तो दसऱ्यानंतरचा भाव धरून शेडमध्ये कोंबडीची पिल्लं टाकतोय. दरवर्षीसारखे फोनही सुरू झालेत. भिया, आठ-नऊ दिवसांची पिल्लं आहेत, लिटर (खाली अंथरलेलं तूस) ओलं झालंय, विष्ठा पातळ नारिंगी पडतेय, अर्धी पिल्लं मोठी आणि अर्धी चिमणीएवढी, काय देऊ? काय झालंय हे कोणी विचारत नाही, थेट काय देऊ.

मीही तसाच होतो. सिमरोलच्या बाजूला माझं शेड आहे, दोन वर्षांपूर्वी ऐन पावसात एक बॅच अशीच खुरटली. पाच दिवस अँटिबायोटिक पाजलं, पैसे गेले, पिल्लं तशीच. मग सकाळी मेलेले पक्षी सापडले ते पिशवीत घालून घरच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवले (त्यावरून घरात जे महाभारत झालं ते वेगळं) आणि तिसऱ्या दिवशी लॅबला नेले. तिथले डॉक्टर बघून म्हणाले, अहो आतडी सडलीयेत, वरून बर्फही झालाय, मायक्रोस्कोपखाली बघू काय मी? हा शहाणपणा विकत घेतलेला आहे, म्हणून सांगतोय.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आतड्यावर येणारे व्हायरस बरेच आहेत. रोटा, ॲस्ट्रो, रिओ, पार्वो, शिवाय काही अडेनो. ॲस्ट्रोच्या घराण्यातलाच एक एव्हियन नेफ्रायटिस व्हायरस, तो किडनीही धरतो, आणि चिकन ॲस्ट्रोव्हायरसचा संबंध तर गाऊटशीही लागलाय, म्हणजे पोस्टमॉर्टेमला काळजा-हृदयावर खडू फासल्यासारखा पांढरा थर दिसतो ना, तो. आता गंमत अशी की बाहेरून हे सगळे सारखेच दिसतात. पिल्लू मान आखडून बसतं, लिटर खातं, पाय फिकट, डोक्यावरची पिवळी लव जात नाही, पंखांची पिसं हेलिकॉप्टरसारखी बाजूला फाकतात. पोटात आतडं फिकट, पातळ, फुगलेलं, आत पाणी-फेस आणि न पचलेलं फीड. एवढं बघून ‘हा रोटा आहे’ असं कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याला नमस्कार करा आणि पुढे जा.

आणि व्हायरसच आहे हेही धरून चालू नका. लालसर विष्ठा असेल, आंधळ्या आतड्यांत रक्त असेल तर आधी रक्ती हगवण म्हणजे कॉक्सी बघा, ती विष्ठा आणि आतड्याची खरवड मायक्रोस्कोपखाली बघून लवकर कळते. आतड्याची आतली बाजू टॉवेलसारखी खरखरीत, घाण वासाची असेल तर क्लोस्ट्रिडियम या जिवाणूचा संशय. मका बुरशीचा, तेल खवट, फीडमध्ये मीठ जास्त, यानेही लिटर ओलं होतं, आणि या दिवसांत मक्यातला ओलावा १४ टक्क्यांच्या वर गेला की बुरशीला आमंत्रणच. हिरवट विष्ठा आणि माना वाकड्या म्हटलं की मानमोडी म्हणजे राणीखेत. आणि अचानक ढिगाने मरतूक, तुरे निळे, डोकी सुजलेली असं काही असेल तर पक्षी कापू नका, हलवू नका, सरळ सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. २०२० च्या डिसेंबरअखेरीस इथेच इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले होते आणि तो बर्ड फ्लू निघाला, आठवत असेलच.

आता सॅम्पल. सगळा खेळ इथेच आहे.

पहिलं म्हणजे वेळ. व्हायरस सगळ्यात जास्त असतो तो लक्षणं नुकती सुरू होतात तेव्हा, पहिल्या दोन-तीन दिवसांत. पिल्लं खुरटून तीन आठवड्यांची झाली की ज्याने दुखणं आणलं तो कधीच निघून गेलेला असू शकतो, आणि रिपोर्टमध्ये मागाहून आलेला दुसराच कोणी सापडतो. दुसरं, मेलेला पक्षी नको, जिवंत आजारी पक्षी न्या. आतडं हा शरीरातला सगळ्यात लवकर सडणारा भाग, या उकाड्यात काही तासांतच आतलं अस्तर गळून जातं. पाच-सहा आजारी पिल्लं पुरतात. पण त्यांच्यासोबत त्याच शेडमधली, त्याच वयाची, धडधाकट दिसणारी पाच-सहा पिल्लंही वेगळ्या खोक्यात न्या. लोक इथे म्हणतात चांगली पिल्लं कशाला मारायची. कशाला ते पुढे सांगतो.

पिल्लं नेणं जमत नसेल तर डॉक्टरांकडून शेडवरच पोस्टमॉर्टेम करून घ्या आणि प्रत्येक अवयवाचे दोन भाग करा. एक पीसीआरसाठी, म्हणजे व्हायरसचा जनुकीय अंश शोधणाऱ्या टेस्टसाठी: आतड्याचे तुकडे आतल्या मालासकट, सोबत किडनी, स्वच्छ डबीत, आईस पॅकवर, २४ तासांत लॅबला. दुसरा भाग फॉर्मॅलिनमध्ये: बाजारातलं फॉर्मॅलिन १ भाग आणि पाणी ९ भाग, तुकडे छोटे, आणि तुकड्याच्या दहापट द्रव, म्हणजे डबी तुकड्यांनी ठासून भरायची नाही. हा भाग बर्फात गोठवायचा नाही आणि पीसीआरवाला भाग फॉर्मॅलिनला लावायचा नाही, ही अदलाबदल केली की दोन्ही फुकट. डबीवर पेन्सिलने लिहा, शाई पुसते. सोबत कागदावर वय, हॅचरीचा लॉट, फीडची बॅच, लसी कधी दिल्या, रोजची मरतूक आणि काय-काय औषधं पाजलीत तेही खरं-खरं. आपल्याला महूचं व्हेटरनरी कॉलेज जवळ आहे, पण कुठल्याही लॅबला निघण्याआधी फोन करून विचारा की आतड्याच्या व्हायरसची पीसीआर तुमच्याकडे होते का, सगळीकडे सगळी टेस्ट होत नाही.

आता रिपोर्ट. समजा आला: रोटा पॉझिटिव्ह, ॲस्ट्रो पॉझिटिव्ह, रिओ पॉझिटिव्ह. घाबरू नका आणि खूशही होऊ नका. हे व्हायरस धडधाकट पिल्लांतही सापडतात. रिओ हे नावच बघा, त्यातला शेवटचा ओ म्हणजे ऑर्फन, अनाथ. व्हायरस तर मिळाला पण त्याचा आजार कुठला ते माहीत नाही, म्हणून अनाथ. म्हणजे पीसीआर सांगते की हा माणूस त्या घरात होता, चोरी त्यानेच केली हे सांगत नाही. म्हणून ती चांगली पिल्लं. दोन्ही गटांत व्हायरस सारखाच निघाला तर त्याच्यावर खापर फोडू नका. रिअल टाइम पीसीआर असेल तर सीटीचा आकडा मागून घ्या, आकडा जितका कमी तितका व्हायरस जास्त, साधारण ३.३ चा फरक म्हणजे दहापट. आजाऱ्यात १८ आणि चांगल्यात ३१ आलं तर फरक हजारोपट आहे, मग त्या नावात काही दम आहे. आणि फॉर्मॅलिनच्या तुकड्यात आतड्याची लव झिजलेली, खालच्या ग्रंथी फुगलेल्या दिसल्या तर गोष्ट जुळली. एकट्या पॉझिटिव्हवर कोणाशी भांडायला जाऊ नका, माझे एक शेजारी जाऊन आलेत.

नाव कळून या बॅचला औषध मिळत नाही, हे मात्र साफ सांगतो. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही. आत्ता करायचं ते एवढंच की ओलं लिटर रोज उचलून कोरडं तूस टाका, लहान पिल्लं वेगळ्या कप्प्यात काढून त्यांना ऊब द्या आणि फीड-पाणी त्यांच्या तोंडाजवळ आणा, पाण्यात क्लोरीन लाइनच्या शेवटच्या निप्पलला ३ ते ५ पीपीएम मिळतंय का बघा. अगदीच बारीक राहिलेली पिल्लं काढून टाका, ती फीड खातात आणि व्हायरस वाटत बसतात.

नावाचा उपयोग पुढच्या बॅचला. रोटा, ॲस्ट्रो, रिओ, पार्वो यांच्यावर चरबीचं कवच नसतं, त्यामुळे साधी जंतुनाशकं त्यांना फारसं काही करत नाहीत. आधी लिटर पूर्ण बाहेर, साबणाच्या पाण्याने घासून धुणं, वाळवणं, मग ग्लुटारल्डिहाइड किंवा पेरॉक्सी प्रकारातलं काही, लेबलवर लिहिलेल्या प्रमाणात आणि तितका वेळ. घाणीवर फवारलेलं औषध म्हणजे पाण्यात पैसे. लिटरमधले काळे किडेही मारा, एका बॅचचा व्हायरस ते दुसऱ्या बॅचला देतात. मधे किमान १४ दिवस शेड रिकामं ठेवा, भाव कितीही बोलावत असला तरी.

ॲस्ट्रो किंवा रिओ भरपूर निघाला तर रिपोर्ट आणि लॉट नंबर घेऊन हॅचरीशी बोला, कारण हे दोन अंड्यातूनही पिल्लात येऊ शकतात. रिओची लस आईबाप कोंबड्यांना देतात, ती दिली होती का विचारा. त्याच लॉटची पिल्लं तुमच्या ओळखीत अजून कोणी टाकली असतील तर त्यांनाही फोन करा, त्यांचीही खुरटली असतील तर बोट हॅचरीकडे जातं, आणि फक्त तुमचीच खुरटली असतील तर आपल्याच शेडचं लिटर आणि पाणी बघावं लागेल.