धाग्याने दाखवलेली हवेची वाट
फ्लो बेंचवर (हवा खेचून तिचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) २८ इंच पाण्याच्या दाबफरकाने तपासताना माझ्या मोटारसायकलच्या सिलिंडर हेडमधील इनटेक पोर्टचा (सिलिंडरमध्ये हवा नेणाऱ्या वाटेचा) प्रवाह व्हॉल्व्ह ६ मिलिमीटरपेक्षा अधिक उघडल्यावर वाढेनासा झाला आणि घरघर ऐकू येऊ लागली. आधी मी पोर्ट रुंद केला. ती चूकच होती, कारण त्याने हवेचा वेग तेवढा कमी झाला. मग बारीक तारेला (जाड तार स्वतःच प्रवाह बिघडवते) लोकरीचा धागा बांधून तो आत फिरवला. वरच्या भिंतीलगत धागा ताठ राहिला, परंतु व्हॉल्व्ह-सीटजवळच्या (व्हॉल्व्ह मिटताना जिथे टेकतो त्या कड्याजवळच्या) आतल्या आखूड वळणावर तो थरथरत उलटा फिरला, म्हणजे तिथे हवा भिंत सोडून भोवरे करत होती. त्या वळणाची कड थोडी थोडी घासून गोल केली, दर वेळी धागा पुन्हा धरला. अखेर तो भिंतीलगत सीटकडे सरळ वाहिला आणि घरघर थांबली.