क्रिएटिनिन वाढलंय, आता डॉक्टरकडे कसं जायचं

रिपोर्टमध्ये क्रिएटिनिनच्या (रक्तातला कचरा, जो किडनी गाळून बाहेर टाकते) आकड्यापुढे बाण दिसला की पोटात गोळा येतो, आणि मग माणूस एकतर रात्रभर डायलिसिसचे व्हिडिओ बघत बसतो नाहीतर "थोडंसंच वाढलंय" म्हणून रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकतो. आमच्या बाबांचं दुसरं झालं. तीन वर्षांचे रिपोर्ट घरातच पडून होते, 1.1, मग 1.3, मग 1.6, पण ते एकाशेजारी एक ठेवून कुणी बघितलेच नाहीत, मीसुद्धा नाही.

म्हणून पहिलं काम हेच करा. जुने सगळे रिपोर्ट काढा आणि एका कागदावर तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाजे आकडा, तो कमी होणं वाईट), बीपी, शुगर असं ओळीने लिहा. डॉक्टरला एका आकड्यापेक्षा आकडा कुठून कुठे आणि किती दिवसांत गेला ते जास्त कामाचं असतं.

नुसतं क्रिएटिनिन बघून चालत नाही, ईजीएफआर बघा. क्रिएटिनिन दोघांचं 1.5 असलं तरी 65 वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर साधारण 51 येतो आणि त्याच वयाच्या बाईचा 38 च्या आसपास, एवढा फरक पडतो. 60 च्या खाली तीन महिन्यांपेक्षा जास्त राहिला तर त्याला क्रॉनिक किडनी डिसीज म्हणतात, म्हणजे एकाच टेस्टवरून शिक्का बसत नाही. जुलाब, उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल, आदल्या दिवशी भरपूर मटण खाल्लं असेल किंवा जिमवाली क्रिएटिन पावडर चालू असेल तरी आकडा वर जातो, तेव्हा हे सगळं डॉक्टरला सांगा.

दुसरी टेस्ट लघवीची, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. ही बऱ्याचदा राहूनच जाते, तुम्ही स्वतःहून विचारा. लघवीतून प्रोटीन जातंय की नाही ते यात कळतं, mg/g मध्ये 30 च्या खाली ठीक, 300 च्या वर म्हणजे वाट बघायची नाही. सोबत पोटाची सोनोग्राफी, कारण मुतखडा किंवा वाढलेल्या प्रोस्टेटने लघवी अडली असेल तर तो अडथळा काढल्यावर किडनी बरीच सावरू शकते.

जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नुसती नावं सांगू नका. बाबांच्या पिशवीत डॉक्टरांना गुडघेदुखीची डायक्लोफिनॅकची अर्धी पट्टी सापडली, रोज एक घ्यायचे, आम्हाला पत्ताच नाही. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असली पेनकिलर आणि घटक न लिहिलेली चूर्णं, भस्मं किडनीला त्रास देऊ शकतात. लो सोडियम मीठही दाखवा, त्यात पोटॅशियम असतं आणि किडनी कमजोर असली की ते रक्तात साठू शकतं.

आधी फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन चालतील, पण ईजीएफआर 30 च्या खाली, लघवीत खूप प्रोटीन, किंवा वर्षात 5 पेक्षा जास्त घसरण असेल तर नेफ्रॉलॉजिस्टकडेच, म्हणजे किडनीच्या डॉक्टरकडेच जा. युरॉलॉजिस्ट वेगळे, ते खडा, प्रोस्टेट, ऑपरेशनवाले. तिथे विचारायचं ते हे: कारण काय आहे, बीपी कितीवर ठेवायचं, शुगरच्या गोळ्यांचा डोस बदलायचा का, डॅपाग्लिफ्लोझिनसारखी (शुगरची, पण किडनीही जपणारी) गोळी मला चालेल का, पुढची टेस्ट कधी. बीपीसाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी सुरू झाल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं, ते बघून घाबरून स्वतःच गोळी बंद करू नका, दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून डॉक्टर ठरवतात. आणि "कुठेच दुखत नाही" म्हणून फॉलोअप सोडू नका, किडनी बरीच खराब होईपर्यंत काही जाणवतच नाही.

लघवी एकदम कमी किंवा बंद, आडवं झाल्यावर दम लागणं, छातीत धडधड, खूप अशक्तपणा, असंबद्ध बोलणं, यातलं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत न्या.

ईजीएफआर 30 च्या खाली गेला असेल तर अजून एक गोष्ट, जी आम्हाला उशिरा कळली. ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताच्या शिरा आत्तापासून जपा, पुढे कधी डायलिसिस लागलं तर फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचायला छोट्या ऑपरेशनने शीर आणि धमनी जोडतात तो) बहुतेक त्याच हातावर करतात, आणि तो तयार व्हायला काही आठवडे ते महिने जातात. रक्त काढायला किंवा सलाईन लावायला कुणी आलं की आधी सांगा, दुसऱ्या हाताच्या पंज्यामागची शीर घ्या म्हणून.